शुभेच्छुकांच्या भाराखाली

धनलक्ष्मीच्या कडक भाकरीला पुण्याहून कायमची मागणी येण्याजोगी होती. अडचण एवढीच, की तिची वेबसाइट उघडत नव्हती. पुण्याच्या दुकानदार वैष्णवीताईंनी फोनवर स्पष्ट सांगितले होते, "काल पान उघडायला ठेवलं, चहा करून प्याले, तरी चक्र फिरतंच होतं. आज संध्याकाळी पुन्हा बघते. नाही जमलं, तर दुसरीकडे ऑर्डर देईन."

साइट बनवणारी आरोही दुपारीच धनलक्ष्मीच्या सोलापुरातल्या घरी आली. निदानाला वेळ लागला नाही. चौकाचौकांतल्या डिजिटल फलकांची सारी संस्कृती धनलक्ष्मीच्या थोरल्या दिरांनी, शिवप्पांनी, पहिल्याच पानावर स्थापन केली होती: वर स्वर्गवासी, मध्ये मार्गदर्शक, खाली शुभेच्छुक. प्रत्येक छायाचित्र स्टुडिओतून थेट आणलेले, भिंतीवर लावण्याच्या मापाचे. या सभेच्या तळाशी, कोणी चिकाटीने पोहोचलाच तर, भाकरी थापतानाचा एक व्हिडिओ होता.

"फोटो फार जड आहेत काका. हलके करते."

"हलके म्हंजे?"

"थोडे कमी स्पष्ट दिसतील."

"सोसायटीचे चेअरमन कमी स्पष्ट?" शिवप्पा ताठ बसले. "उद्या त्यांच्या दारात मला जायचं हाय."

"मग हे व्याही काढू?"

"लेक नांदतीय तितं माझी."

"आणि हे गॉगलवाले?"

"त्यांना मी बी वळखत न्हाय. पण त्यांना बघून पलीकडची पार्टी गप बसती."

धनलक्ष्मीला राहवले नाही. "भावजी, गिऱ्हाईक भाकरी बघायला येतंय. आपली सोयरीक जुळवायला न्हाय."

शिवप्पांनी क्षणभर विचार केला. तो केला नसता तर बरे झाले असते.

"मग त्यो भाकरीचा व्हिडिओच काढा की. भाकरी काय रुसून बसणार हाय व्हय?"

व्हिडिओ सर्वांत जड होता, हे दुर्दैवाने खरे होते. थोरल्यांचा शब्द खाली पडू न देण्याची त्या घराची रीत होती. आरोहीने धनलक्ष्मीकडे पाहिले, धनलक्ष्मीने परातीकडे. व्हिडिओ गेला आणि पान बऱ्यापैकी चपळाईने उघडू लागले. मान्यवरांना प्रतीक्षा न करायला लावण्याचे श्रेय शिवप्पांनी चहासोबत स्वीकारले.

संध्याकाळी फोन आला.

"उघडलं हो पान, लगेच उघडलं," वैष्णवीताई म्हणाल्या. "पण तुम्ही निवडणुकीला उभ्या आहात का? खालपर्यंत गेले, भाकरी कुठे दिसेना. दुसऱ्या एकांच्या पानावर दिसली. त्यांना ऑर्डर देऊन टाकली."

धनलक्ष्मीने फोन खाली ठेवला.

"उघडलं म्हणली न्हवं?" शिवप्पांनी उत्सुकतेने विचारले. "चेअरमन नीट दिसले का?"

"लई झ्याक दिसले," ती म्हणाली आणि पिठाची परात उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "भाकऱ्या बी आता त्यांच्याकडनंच थापून घ्या."