खाजणाचं पान

मित्रांनो, मी केनवडजवळच्या एका वस्तीच्या वाचनालयातला जुना शब्दकोश आहे, आणि माझ्या अंगाला खर्ऱ्याचा वास येतो. शिसारी आली ना? मलाही येते.

जन्मलो तेव्हा अंगाला शाईचा नि ताज्या खळीचा वास होता. जाड दोऱ्याने शिवून मला लाल कापडात बांधलं होतं. इथे आलो तेव्हा गुरुजींनी मला उघडण्याआधी हात धुतले. ती ओलसर, स्वच्छ बोटं अजून आठवतात.

मग कपाटाची किल्ली आली वाचनालय सांभाळणाऱ्या फुलचंदकडे. फुलचंद खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला चुरा, खातो आणि ओठ पुसायला माझं पान फाडतो. अगदी ओळीने, 'अ'पासून. चुरगळलेले बोळे खिडकीत साचतात, त्यांवर माश्या बसतात. माझीच अक्षरं लाळेत भिजताना मी बघतो. आणि दसऱ्याला हाच मला झेंडू वाहतो.

परवा सकाळी रीता आली. सातवीतली पोर. तिचे आईबाप, लखीराम आणि गोमतीबाई, कोकणात बांध घालायच्या कामावर गेलेत.

"काका, खाजण म्हंजे काय? बाबाचा फोन आल्ता. सपाट, कोरडी जागा भेटली म्हने, तिथंच झोपडी टाकली. लोकं तिले खाजण म्हनतेत."

"पडीत असन. कोरडी जागा दिसली का आपला मानूस पाल ठोकतेच."

"मंग तिथं दुसऱ्या कोनाचं घर काहून नाही?"

फुलचंदने मोबाईल चाळला. "हे पाह्य, खाज जायचं मलम दाखवून राह्यला," म्हणाला आणि हसता हसता माझ्यावर थुंकी उडवली.

रीताने मला उघडलं. 'ख'ची पानं नव्हती.

"तिकडं असन, खिडकीत," फुलचंद म्हणाला. "हात नको लावू, घान आहे."

"कोनं केली?"

फुलचंदने मोबाईलमध्ये डोकं घातलं. रीताने ओढणीने नाक दाबलं आणि एकेक बोळा उलगडला. आठव्यात खाजण सापडलं. अर्थावर तपकिरी डाग पसरला होता. 'समुद्रकाठची सखल जमीन' एवढंच वाचता येत होतं. पण खाली, शब्दाचा वापर दाखवायला दिलेली ओवी शाबूत होती:

खाजणाच्या भुईवर चूल मांडू नको बाई,
पुनवेच्या भरतीला दार ठोठावणं नाही.

पुनव दुसऱ्याच दिवशी होती. रीताने फुलचंदच्या हातातला मोबाईल मागितलाही नाही, घेतलाच.

"बाबा, आजच झोपडी उचला. ते समुद्राची जागा आहे."

"कोन म्हनते?"

"पुस्तक म्हनते."

"अवं, समुद्र इथून दिसतबी नाही. जमीन खडखडीत आहे."

तिने ओवी वाचून दाखवली. पलीकडून गोमतीबाईचा आवाज आला, "मी म्हनलं नोतं तुमाले? आज चुलीतली राख ओली होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी लखीरामचा फोन आला. दोघं गाठोडी घेऊन बांधावर बसली होती. खाली पाणी छातीएवढं होतं आणि चुलीचे तिन्ही दगड दिसेनासे झाले होते.

रीताने पान वाळवलं, पिठाच्या खळीने मला परत चिकटवलं. डाग गेला नाही. तो अर्थावरच बसलाय, कायमचा.

मित्रांनो, दसऱ्याला मला फुलं वाहू नका. हात धुऊन या, एवढं पुरे. ओठ पुसायला तुमच्या सदऱ्याला बाही आहे.