मी सहावी प्लेट, आधी माझा कोपरा बघा

मी बोलतेय, सहा नंबरची काचेची प्लेट. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. बत्तीस वर्षं पाकिटात तोंड दाबून पडलेय.

माझ्या एका अंगाला रसायनाचा थर आहे. त्यावर सूर्याच्या कडेवरून उसळलेला प्लाझ्माचा, म्हणजे धगधगत्या वायूचा, स्तंभ उमटलाय. वेधशाळेतल्या बाईंनी एका सकाळी त्याच्या लागोपाठ बारा प्लेटा काढल्या. चहा निवला, पाय सुजले, पण बाई दुर्बिणीपासून हलल्या नाहीत. अंधाऱ्या खोलीत चाचपून कळावं म्हणून त्या प्रत्येक प्लेटच्या खालच्या कोपऱ्याला कानशीने खाच पाडत. खाच उजव्या हाताला लागली की प्लेट सुलट.

मग दोन विद्वान आले. थोरले सर म्हणत, "स्तंभ खरंच गरगर फिरतोय. आत साठलेला पीळ सुटतोय." धाकटे सर म्हणत, "छे, नुसते झोके खातोय. लांबून फिरल्यासारखा दिसतो, इतकंच."

धाकट्या सरांनी आम्हाला ओळीने चौकटीत बसवलं. अकरा जणींत स्तंभाचे तंतू डावीकडे कललेले, माझ्यात उजवीकडे. त्यांनी टाळी वाजवली. "बघा, झोका परतला!"

परतला कुठला, डोंबल! त्यांनीच मला उलटी, पाठ पुढे करून, बसवली होती.

"सर, सहावी उलटी लागलीय," बाई म्हणाल्या. "खाच बघा ना."

"तुम्ही फोटो काढा, बाई. अर्थ लावायला आम्ही आहोत."

बाई थोरल्या सरांकडे गेल्या. त्यांच्या तर सोयीचंच होतं ते! मला सुलट केलं की बाराही जणी डावीकडेच, म्हणजे झोका खोटा. पण कोपऱ्याला बोट लावायला खुर्चीतून उठावं लागलं असतं. बसल्या जागेवरून ते म्हणाले, "ती प्लेटच बिघडलीय. बाईंनी काढतानाच घोळ घातला. वगळा."

जन्मभर एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघे एवढ्या एकाच गोष्टीवर एक झाले: चूक बाईंची. त्यांची दुर्बीण काढून घेतली आणि त्यांना कपाटांच्या खोलीत बसवलं. माझं पाकीट बाईंनाच चिकटवावं लागलं.

पीळ की झोका, मला ठाऊक नाही. नुसत्या बारा प्लेटांनी तो वाद मिटलाही नसता. पण बाई चुकल्या नव्हत्या, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या पाकिटावर अजून लिहिलेलं आहे, "सदोष. निरीक्षकाचा निष्काळजीपणा."

पाकीट उघडणाऱ्या माणसा, सूर्य नंतर बघ. आधी कोपऱ्यावरून अंगठा फिरव. खाच उजव्या हाताला धर, तंतू डावीकडेच कललेले दिसतील. मग पेन घे आणि ती ओळ खोड.