हुसेनबीची वकिली

"मावशी, कापसाचं एक मोठं बंडल आना बगू. कोपऱ्यावरच्या दुकानातनं न्हाय, त्यो महाग लावतोय. बस थांबती तितल्या दुकानातनं आना."

कपाटात कापसाची तीन बंडलं होती. मीच सकाळी रचून ठेवली होती. मी तोंड उघडणार एवढ्यात हुसेनबीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी गप्प झाले. चिमणाबाई पदर सावरत, कुरकुरत जिना उतरल्या. त्यांची चाहूल विरेपर्यंत हुसेनबी दाराशी उभी राहिली. मग दार लोटून खाटेशी आली.

"आता बोल पोरी. सासू गेली. डाक्टर तिकडं हात धुवाय लागल्यात. हितं मी हाय आन् सिस्टर हाय. तुजी मर्जी काय?"

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालातली. राजारामपुरीत डॉक्टर सरनोबतांचं दहा खाटांचं प्रसूतिगृह होतं. मी तिथं नर्स आणि हुसेनबी आया. गर्भपाताचा कायदा होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती आणि आमच्या दवाखान्याला तशी परवानगीही मिळाली होती. मी मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं होतं, "सर, बाळंतपणं सांगा, रात्रपाळ्या सांगा, पण या कामाला मला उभं करू नका." रोजचा जप झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही, गुरुवारचा उपास कधी मोडला नाही. ज्याला देवानं जीव दिला त्याला आपण हात लावायचा नाही, ही माझी श्रद्धा. डॉक्टरांनी मान्य केलं. कागद भरून घेणं तेवढं माझ्याकडं राहिलं. आतलं सगळं हुसेनबी बघायची.

तीही अल्लाचं नाव घेतल्याशिवाय चूल पेटवत नसे. तरी ती आत कशी उभी राहते, हे मला कोडं होतं. मनातून मी तिला थोडी कमीच लेखत होते, हे आज लिहायला हरकत नाही.

खाटेवरची अंबूबाई चंदगडच्या आतल्या गावची. वय असेल अठ्ठावीस. नवरा गुंडू गोव्यात ट्रकवर होता, वर्षातून दोनदा घरी यायचा. चार मुली. चौथीच्या वेळी इतकं रक्त गेलं होतं, की बैलगाडीतून एसटीपर्यंत आणताना ती गेलीच असं समजून बायकांनी रडायला सुरुवात केली होती. आता पुन्हा अडीच महिने. चक्कर येते म्हणून सासूनं दाखवायला आणली, तर डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाले, "हिच्या अंगात रक्त नाही. हे मूल राहिलं तर हिची खात्री मी देत नाही. कायद्यानं करता येतं, मोकळी करून टाकू."

चिमणाबाईंनी कपाळ बडवून घेतलं. त्यांनी नृसिंहवाडीला नातवासाठी नवस बोलला होता. संगमावर उभं राहून ओटी भरली होती. "म्हाराजांनी दिलंय डाक्टर. देवानं दिल्यालं परत करायचं?" डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. दोघांच्या मधे अंबूबाई बसली होती. मी कागद पुढं केला, तिनं अंगठा उठवला. नवऱ्याची सही कायद्याला लागत नाही, बाईची संमती पुरते. तसं छापलेलंच होतं.

ते काल संध्याकाळी. आज सकाळी हुसेनबी तिला पुन्हा विचारत होती.

"व्हय," अंबूबाई म्हणाली.

"काय व्हय?"

"करायचं."

"डाक्टर वरडल्यात म्हनून करायचं?"

अंबूबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. डोळ्यांतलं पाणी उशीवर गळत होतं. "चार पोरी हायत माज्या. धाकटी अजून अंगावर पितीय. व्हय, करायचं."

"हे दुसऱ्यांदा झालं," हुसेनबी म्हणाली. "आता शेवटचं इचारतो. उद्या सासू बोलंल, नवरा बोलंल, गाव बोलंल. तवा डाक्टर न्हाय येनार, मी न्हाय येनार. तुजं तुला वाटतंय का?"

अंबूबाई काही बोलली नाही.

आम्ही थांबलो. खाली रिक्षा फुरफुरत होती, कुणीतरी भांडत होतं. अंबूबाई छताकडं बघत पडली होती, ओठ घट्ट मिटून.

माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवशी गुरुवार होता. मला वाटलं, महाराजांनीच तिची जीभ धरली. मी हुसेनबीला बाजूला ओढलं. "बघ, तिला नकोय. गप्प बसली म्हणजे नकोच आहे. मी कागद फाडते."

हुसेनबीनं माझा हात धरला. तिचा हात फिनाइलनं कायम खरखरीत असायचा.

"सिस्टर, तुमीबी गप्पचा अर्थ लावाय लागला?"

"मग काय समजायचं?"

"काय समजायचं न्हाय. माज्या निकाहाला वकील आलता, दोन गवाह घिऊन. आमच्यात नवरीला इचाराय येतोय त्याला वकील म्हनत्यात. पडद्याम्होरं उभा ऱ्हाऊन त्यानं तीनदा इचारलं, राजी हाय का? मी चौदा वर्सांची. त्येचं वय बापाएवढं, पयली बायकू मेल्याली. माज्या तोंडातनं सबूद निगंना. मागनं मावशीनं मान दाबली. वकील म्हनला, मान हलली, पोरगी राजी हाय." तिनं माझा हात सोडला. "रीत वाईट न्हवती सिस्टर. इचारायचं हुतं, इचारलं. आयकायचं तेवढं राह्यलं. मी गप हुतो, त्याचा अर्थ त्यांनी लावला आन् एकतीस वर्सं त्यो अर्थ मी नांदलो."

तेवढ्यात डॉक्टर हातमोजे चढवत दारात आले. "घेताय ना आत?"

"न्हाय सायेब," हुसेनबी म्हणाली. "बाईचं एक 'व्हय' राह्यलंय."

"म्हणजे?"

"दोनदा म्हनली, तिसऱ्यांदा गप बसलीय."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "अंगठा आहे ना कागदावर? कायद्याला एकदा पुरतं. तू आया आहेस का वकील गं?"

"वकीलच म्हना."

"हुसेनबी, माझ्या दवाखान्यात तुझं चालणार असेल तर उद्यापासून येऊ नको."

विधवा बाई, मागं कुणी नाही. कदमवाडीकडं एका खोलीत राहायची. मला वाटलं, आता ती बाजूला होईल. ती हलली नाही. खाटेच्या आणि डॉक्टरांच्या मधे उभी राहून अगदी सरळ आवाजात म्हणाली, "उद्या न्हाय येनार सायेब. पर आज हितनं हलनार बी न्हाय. दुपारपतूर थांबा. दोन घटकांत काय तिचं पोट वाढत न्हाय."

डॉक्टर माणूस कोपिष्ट, पण वाईट नव्हते. त्यांनी मोजे काढून आदळले आणि बाह्यरुग्णांकडं निघून गेले.

चिमणाबाई कापूस घेऊन आल्या, तर बंद दार बघून व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. आत सगळं उरकलं असणार असं वाटून त्या मोठ्यानं रडू लागल्या. मी त्यांना सांगितलं, अजून काही झालेलं नाही. त्यांनी माझे पाय धरले. "तुमी माळ वडताय, मी बगितलंय. तुमी सांगा की तिला. तुमचं आयकंल."

माझ्या पिशवीत वाडीचा अंगारा होता. मी तो मुठीत घेऊन आत गेले. कपाळाला लावायचा आणि दोन गोड शब्द बोलायचे, एवढंच मनात होतं. अंबूबाई माझ्याकडं बघत होती. लहान मूल मारायला उगारलेल्या हाताकडं बघतं, तशी. हुसेनबी कोपऱ्यात खाली बसून कापसाचे बोळे करत होती. तिनं मला अडवलं नाही. मान वर करून बघितलंही नाही.

मी मूठ उघडू शकले नाही.

"हुसेनबी," मी हळूच विचारलं, "तुला हे पाप वाटत नाही?"

"वाटतंय की. पयल्या खेपंला घरी जाऊन जेवलो न्हवतो. पर ते पाप माजं का तिचं, का तुमचं, का कुनाचंच न्हाय, ते वरचा बगंल. त्येचं काम मी कशाला करू? ती बोलतीय, का तिच्या तोंडातनं दुसरंच कोन बोलतंय, येवढंच मी बगतो."

दुपारचे तीन वाजले असतील. अंबूबाई आपणहून उठली. भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत व्हरांड्यात गेली. हुसेनबी मागं होती, पण तिनं आधार दिला नाही. पडलीच तर धरता येईल एवढ्या अंतरावर चालत राहिली.

"आत्याबाई," अंबूबाई म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. बाकावरच्या बाकीच्या बायकांनी माना वळवल्या. "नवस तुमी बोलला. मला इचारलं न्हवतं. म्हाराजांचं जे काय देनं हाय ते मी फेडीन, वाडीला चालत जाईन. पर ह्ये न्हाय. डाक्टर म्हनत्यात म्हनून न्हाय. मला जगायचं हाय."

चिमणाबाईंनी मांडीवरचं कापसाचं बंडल बाकावर ठेवलं.

"झालं," हुसेनबी म्हणाली. "चल आता."

त्या दिवशी मी आत गेले. कुणी बोलावलं नव्हतं. अंबूबाईच्या उशाशी उभी राहून मी तिचं डोकं धरलं आणि मनात नाव घेत राहिले. कुणासाठी घेत होते, तिच्यासाठी, त्या जिवासाठी की माझ्यासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही नीटसं कळत नाही. माझी श्रद्धा होती तिथंच आहे. पण त्या दिवसापासून देवाच्या वतीनं बोलायची माझी घाई गेली.

हुसेनबीला डॉक्टरांनी काढलं नाही. पुढं पुढं तर तेच मोजे घालण्याआधी दारातून विचारायचे, "काय वकीलसाहेब, झालं का तुमचं?" पुढं बारा वर्षं ती तिथं होती. या काळात तिनं किती बायकांच्या सासवा, आईबाप, नवरे कापसाला पिटाळले, देव जाणे. काही बायका तिसऱ्या वेळी "नको" म्हणाल्या आणि पोट घेऊन परत गेल्या. त्यांनाही ती जिन्यापर्यंत पोचवायची, तितक्याच मायेनं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कायद्यात काय छापलंय ते तिनं कधी विचारलं नाही.

त्या रात्री अंबूबाईला ताप चढला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. चिमणाबाई रात्रभर बाकावर बसून होत्या. उजाडल्यावर त्या आत आल्या. पिशवीतून जुन्या लुगड्याची पट्टी काढली आणि बाळंतिणीचे बांधतात तसे सुनेचे कान घट्ट बांधले. मग खाटेच्या पायाशी जमिनीवर बसल्या.

हुसेनबी फरशी पुसत होती. तिनं फडकं बादलीत टाकलं आणि पदराला हात पुसत त्यांच्यापाशी आली.

"मावशी, काल सकाळधरनं तुमच्या पोटात काय न्हाय. खानावळीतनं आनतो. भात आनू का भाकरी?"

"आना काय बी," चिमणाबाई म्हणाल्या. "हिचं खाऊन उरंल ते चालंल मला."

"उरल्यालं न्हाय. तुमास्नी काय पायजे, ते इचारतोय."

चिमणाबाईंनी मान वर केली. भात म्हणाव्यात की भाकरी, त्यांना सुचेना. एकदा सुनेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं; आमच्यापैकी कुणीतरी सांगेल म्हणून. आम्ही काही सांगितलं नाही. त्या खाली बघून बोटांनी लुगड्याचा काठ चाचपत विचार करू लागल्या.

हुसेनबी रिकामा डबा हातात घेऊन उभी राहिली. तिला घाई नव्हती.