कागदाचं आमलेट

श्रावणात मामंजींचं श्राद्ध आलं की मला कावळ्याचाच राग येतो. सलग तिसरं वर्ष. मारुंजीतल्या आमच्या गच्चीवर ताट ठेवायचं आणि या महाराजांनी पाण्याच्या टाकीवर बसून नुसतं बघायचं. यंदा माझ्या नवऱ्याने, धनेशने, अर्धा तास वाट पाहिली आणि चाकणच्या कंपनीची बस पकडायला तो पळाला. उरलो मी आणि माझ्या सासूबाई, चतुराबाई.

“अजून नाराजच हायेत,” त्या म्हणाल्या.

कशावर, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या आजारपणात मामंजींनी आमलेट-पाव मागितला होता. नोकरीभर कंपनीच्या गेटबाहेर चोरून खाल्लेला. सासूबाई म्हणाल्या, “श्रावण हाय, महिनाभर दम धरा.” ते दोन दिवसांतच गेले. मी शंभरदा समजावलं, डॉक्टरांनीही नकोच म्हटलं असतं. पण तेव्हा नाही म्हणाल्या त्या स्वतः, त्यांना कसं पटावं?

“मग ठेवू या ना आमलेट!” मी वैतागून म्हटलं.

“पितरांच्या ताटात अंडं? माझ्या शेगडीवर? न्हाई जमायचं.”

तेवढ्यात लिन वाळलेले कपडे काढायला वर आला. हा आमचा चिनी भाडेकरू, चाकणला नवी मशीन बसवायला आलेला. ताट, कावळा आणि सासूबाईंचे डोळे पाहून त्याने मोबाईल पुढे केला. तो चिनीत बोलतो, मोबाईल मराठीत सांगतो. मी सगळं सांगितलं.

मोबाईल म्हणाला, “आमच्याकडेही हा महिना भुकेल्या भुतांचा.”

“भूत म्हणू न्हाई. पितर म्हणा,” सासूबाईंनी मोबाईललाच दटावलं.

लिनच्या गावी म्हणे या महिन्यात गेलेली माणसं घरी येतात. त्यांना जे हवं ते कागदाचं करून जाळायचं, की त्यांना पोहोचतं. आपल्या आईला त्याने गेल्या वर्षी वॉशिंग मशीन पाठवलं होतं. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, “भाऊ, कागदाचं अंडं म्हंजे अंडंच का हो?”

लिनने गंभीरपणे विचार केला. “कागद शाकाहारी आहे,” मोबाईल म्हणाला.

झालं! एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पिवळ्या कागदाचं लिनने आमलेट कापलं. खोक्याच्या पुठ्ठ्याचे पाव झाले. मी हिरव्या पेनाने मिरच्या काढल्या.

“अजून काढ,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांना झणझणीत लागायचं.”

तेलाच्या रिकाम्या डब्यात सगळं पेटवलं, तोच लिनने हात वर केला. ज्याचं त्याला मिळायचं तर म्हणे त्याला नावाने हाक मारायला हवी. नाहीतर ज्यांचं कुणीच नाही असे भुकेले मधेच पळवतात.

सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. रेशनच्या खिडकीवरही नाव विचारलं की मला पुढे ढकलतात.

“मी मारू हाक?” मी विचारलं.

“तू कशाला? त्यांनी माझ्याकडं मागितलं हुतं.”

त्यांनी डोक्यावर पदर घेतला. आधी नुसते ओठ हलले.

“जोरात,” मोबाईल म्हणाला.

“ज्योतीराम!”

टाकीवरचा कावळा दचकून उडाला. खालच्या बाईने खिडकी उघडली. सासूबाईंना कशाचं भान नव्हतं.

“ज्योतीराम, या. गरम हाय तवर खा.”

मला रडू आवरेना. कागद केव्हाच जळून गेला होता, तरी त्या हाका मारतच होत्या. हळू, मोठ्याने, लाडाने, रागावून, जितक्या परींनी नवऱ्याला हाक मारता येते तितक्या सगळ्या परींनी. मी आणि लिन तिथेच उभे राहिलो. त्यांना थांबवायचं आमच्या मनातही आलं नाही.