माझ्या पोटातल्या अक्षता

मित्रांनो, मला कुणी जुना म्हटलेलं खपत नाही, पण आहे मी जुनाच. मी कोरियातला गायागम. बारा रेशमी तारांचं, आडवं ठेवून बोटांनी वाजवायचं लांबट वाद्य. तुमच्या सतारीचा दूरचा भाऊ समजा, फक्त जरा जास्त चिडका.

माझं लाकूड कारागिराने कित्येक वर्षं ऊन, पाऊस आणि बर्फात टाकून ठेवलं होतं. जे चिरलं नाही, त्यातूनच मी घडलो. सोह्यनबाईंनी मला आयुष्यभर वाजवलं. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या दुबईत अल बर्शाला राहायला आल्या आणि शेजारच्या सान्वीला त्यांनी शिकवलं. मायदेशी परतताना मला तिच्या मांडीवर ठेवून त्यांनी एकच गोष्ट बजावली, की याला कधी उघडू नकोस, जोड एकदा सुटला की तो आवाज परत येत नाही. तेव्हापासून मी सान्वीचा. मराठीही शिकलो. त्या घरात दुसरं कानावर पडणार काय!

सान्वी आता कॉलेजात आहे. अथर्वचा कीबोर्ड, शहनाझचं अरबी तंतुवाद्य ऊद आणि विघ्नेशचा तबला, यांच्याबरोबर ती मला वाजवते. आधी वाटलं, झालं, या गोंगाटात माझा भुर्ता होणार. पण शहनाझने खाली सूर धरला, विघ्नेशने हळूच ठेका लावला आणि सान्वीने माझी तार दाबून सूर हलवला, तेव्हा मी माझं वय विसरलो. खरं सांगतो, तरुणपणीही मला इतकी मजा आली नव्हती.

मग दसरा आला. त्याच संध्याकाळी अबू धाबीला, अल रीम आयलंडवर आमचा पहिला मोठा कार्यक्रम होता. सकाळी सान्वी झोपली होती. तिच्या आईने, अपर्णाताईंनी, देवापुढे पुस्तकं मांडली, लॅपटॉप मांडला आणि त्या माझ्यापाशी येऊन घुटमळल्या. आईने वाद्याला हात लावायचा नाही, असा सान्वीचा दंडक. पण दसऱ्याला घरातलं वाद्य पूजेशिवाय ठेवायचं? त्यांच्या मनाला पटेना. तारा उचलून धरणाऱ्या लाकडी घोड्या प्रवासासाठी काढलेल्याच होत्या. तारांना कुंकू लागू नये म्हणून त्यांनी मला अलगद पालथं घातलं, पाठीवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

आता माझ्या पाठीला आवाजासाठी भोकं आहेत, हे त्यांना कोण सांगणार? ओल्या अक्षता सरळ माझ्या पोटात! मला उचलताना बऱ्याचशा गळून पडल्या. काही आत चिकटून बसल्या. ताईंनी पाठ पुसली आणि मला पिशवीत घातलं.

दुपारी दुबईतच, रास अल खोरच्या एका गोदामात तालीम होती. सान्वीने घोड्या लावल्या, तार छेडली आणि झर्रर्र!

"ही जवारी कुठून आली?" विघ्नेश दचकला. तो झणझणाट तंबोऱ्याला शोभतो हो, मला नाही. सान्वीने घोड्या सरकवल्या, एकेक तार तपासली. पुन्हा झर्रर्र. अगं, तांदूळ आहेत, तांदूळ! मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, पण मला तोंड कुठलं? जे काही बोलायचं ते तारांतूनच, आणि तारांतून तर झर्रर्रच येत होतं.

"क्रॅक गेलाय, खलास," अथर्व म्हणाला. "कीबोर्डमध्ये गायागमचा साउंड आहे, मी मारतो. तू नुसती बोटं हलव."

"नो वे. आय वोन्ट फेक इट," सान्वी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

शेजारी दत्तप्रसाद यांचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. त्यांना बोलावलं. त्यांनी मला उलटं केलं, भोकात टॉर्च मारला. "इथून काही दिसत नाही. पाठ उघडावी लागेल, जोडात सुरी घालून. पण मी असलं वाद्य कधी उघडलेलं नाही बरं का. बघा, विचार करा."

अपर्णाताई डबा घेऊन आल्या होत्या. 'पाठ' हा शब्द ऐकला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना कळलं होतं! मी पाहत होतो ना. ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून त्या उभ्या, ओठ हलतायत आणि शब्द फुटत नाही. सगळ्यांसमोर कसं सांगायचं? लेक काय म्हणेल? बाई गं, बोला की!

सान्वी घड्याळाकडे बघत होती. मग तिने डोळे पुसले.

"ओपन इट," ती म्हणाली.

माझ्या सान्वीने! मला इतकं लागलं की सुरीची भीतीही क्षणभर विसरलो. दत्तप्रसादांनी पातं जोडावर टेकवलं. थंडगार होतं.

"थांबा!" अपर्णाताई ओरडल्या. "मी अक्षता टाकल्यात. सकाळी. आत गेल्या असतील."

"आई! आय टोल्ड यू!"

"हो, सांगितलं होतंस. माझंच चुकलं."

दत्तप्रसादांनी सुरी बाजूला ठेवली. एका बारीक काडीला कापूस गुंडाळून ताईंनीच ती भोकातून आत फिरवली. लाल दाणे गळाले. सान्वीने मला सरळ करून तार छेडली आणि माझा आवाज परत आला. विघ्नेशने टाळीच वाजवली.

संध्याकाळी आम्ही अबू धाबीला पोहोचलो. स्टेजमागे ताई हळूच म्हणाल्या, "तू रागावशील म्हणून माझी जीभच उचलत नव्हती गं."

सान्वीने मला खाली ठेवलं आणि आईच्या गळ्यात पडली. "तू तर बोललीस, आई. सोह्यन मॅम म्हणाल्या होत्या, नेव्हर ओपन इट, अँड आय सेड ओपन इट. मीच म्हटलं." ती हमसून रडत होती. माझा राग तिथेच गेला. त्यानंतर आम्ही जे वाजवलं, ते सोह्यनबाईंनी ऐकायला हवं होतं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, आमच्यावर सुरी उचलण्याआधी जरा थांबा. आणि चूक झाली असेल तर लगेच सांगून टाका रे. त्या दुपारी मला सगळं ठाऊक होतं आणि एक अक्षरही बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं.