कागदापुरती टाकलेली

छप्पन साली चिंचवडात रंगाच्या कारखान्यामागं यशोदाची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, तर भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पंगत, मागच्या खोलीत चूल आणि संसार. माणदेशातून, खानदेशातून आलेली सडी माणसं शिफ्ट सुटली की तिच्या दारात येऊन बसायची. तिच्या हातच्या भाकरीला नावं ठेवील असा माणूस अजून जन्माला यायचा होता. तिचा नवरा दत्तोबा त्याच कारखान्यात पिंपं भरायच्या कामावर होता. दोन वर्षं झाली तरी तात्पुरताच. दिवाळीला कायम करू असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि त्या एका शब्दापायी गडी देवालासुद्धा विसरला होता.

नेमणुकीच्या कागदात एक कलम होतं: कामगारानं किंवा त्याच्या घरात राहणाऱ्या कोणीही दुसरा धंदा करायचा नाही. सही करताना ते कोण वाचतो? कुणीतरी चुगली केली आणि लेबर ऑफिसर नानासाहेबांनी दत्तोबाला बोलावून घेतलं. नानासाहेब तसे वाईट नव्हते. वाईट माणसापासून निदान सावध तरी राहता येतं. त्यांनी मायेनं वाट दाखवली: बायको तुझ्याजवळ नांदतच नसेल, तर तिच्या धंद्याशी कंपनीचा काय संबंध? तसं लिहून दे.

दत्तोबा घरी आला तो हसतच. यशोदा म्हणाली, खानावळ बंद करते, विषय मिटला. पण खानावळीची मिळकत त्याच्या पगाराहून जास्त होती आणि त्याला दोन्ही हवं होतं. "कागदापुरतं गं," तो म्हणाला. "कायम झालो की येतोच." वळकटी उचलून तो आकुर्डीला दोघा सोबत्यांच्या खोलीवर राहायला गेला. जेवायला मात्र रोज तिच्याकडेच, बाकीच्या गिऱ्हाइकांसारखा.

काही दिवसांनी खातरजमा करायला टाइमकीपर सोपानराव आला, तोही ऐन जेवणाच्या वेळी. नवरा कुठं असतो, असं त्यानं दारातूनच मोठ्यानं विचारलं. शेजारच्या रुक्मिणीबाई ओट्यावर भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. यशोदानं पंगतीकडं पाहिलं. दत्तोबा खाली मान घालून भाकरी कुस्करत होता. सोपानरावाचीही नजर तिकडंच गेली.

"मग हा इथं कसा?"

"पैसं देऊन जेवत्यात," ती म्हणाली. "मला टाकलीया त्येनी."

दत्तोबा मान वर करील, निदान एकदा बघील, असं तिला वाटलं होतं. त्यानं वाटी पुढं करून आमटी मागितली. सोपानरावाचं समाधान झालं आणि तो निघून गेला.

लिहिलेला कागद नानासाहेबांच्या कपाटात राहिला, पण बोललेलं आळीभर फिरलं. श्रावणातल्या शुक्रवारी रुक्मिणीबाई यशोदाला सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायच्या. रोज वीस-बावीस माणसांना वाढणाऱ्या बाईला कुणीतरी पाटावर बसवून, ओटी भरून आग्रहानं वाढावं, एवढाच काय तो तिचा वर्षातला थाट. त्या वर्षी रुक्मिणीबाईंनी आळीतल्याच कौशल्याबाईंना बोलावलं. यशोदा सकाळपासून इरकल नेसून बसली होती. दुपारी पलीकडं ताटं वाजली, पुरणाचा वास भिंतीवरून इकडं आला, तेव्हा तिला कळलं. तिनं लुगडं बदललं आणि संध्याकाळच्या भाकऱ्यांचं पीठ घेतलं. इतका अपमान तिचा सासूनंही कधी केला नव्हता.

संध्याकाळी तिनं दत्तोबाला विनवलं, रुक्मिणीबाईंच्या कानावर खरं काय ते घाला, फक्त त्यांच्याच. दत्तोबानं कानांवर हात ठेवले. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणाला. दिवाळीपर्यंत कळ काढ.

तिनं कळ काढली. दिवाळीला तो कायम झाला आणि दुपारी पंगत उठल्यावर पेढे घेऊन आला. वळकटी कुठं आहे, असं तिनं विचारलं. तेव्हा त्यानं तिला शांतपणे समजावलं: आता परत आलो तर लिहून दिलेलं खोटं ठरेल, आणि खोटं लिहून दिलं म्हणून काढून टाकतील. तेव्हा नोकरी आहे तोवर असंच चालू दे.

"आपल्याला काय कमी हाय?" तो म्हणाला आणि मागच्या खोलीकडं वळला. आळी झोपलेली असली की अशा एखाद्या दुपारी तो गुपचूप आत जायचा, तसाच.

"गिऱ्हाइकांनी आत यायचं न्हाई," यशोदा म्हणाली.

त्याला वाटलं, थट्टा करते. तो हसला. ती आत गेली आणि तिनं कडी घातली.

दत्तोबानं दार ढकलून पाहिलं. मग बोटांनी हलकेच वाजवलं. "यशोदे, नवरा हाय मी तुजा," तो फटीतून कुजबुजला.

"मोठ्यानं बोला," ती आतून म्हणाली. "रुक्मिणीबाई भाईर ओट्यावर हायती. त्यास्नी ऐकू जाऊ द्या."

यशोदा कडीवर हात ठेवून उभी होती. तो एकदा ओरडला असता, तर तिनं तिथल्या तिथं कडी काढली असती, त्याच्या हातचा पेढाही खाल्ला असता. मग वहाणा वाजल्या, ओट्यावरून खाली उतरल्या आणि आकुर्डीच्या रस्त्याला लागल्या.