तिची फळी तेवढी उतरवून ठेवली

आजोबा गेले आणि त्यांची गाडी नेरिडाच्या वाट्याला आली. जुनी, लांबुडकी होल्डन. खाऱ्या वाऱ्याने दारांच्या कडा गंजलेल्या, मागची काच तर दोन्ही तळव्यांनी ढकलल्याशिवाय हलायची नाही. आईने नाक मुरडलं. नेरिडाने मागची सीट काढून परसात टाकली, तिच्या जागी गादी अंथरली, फुलाफुलांचे पडदे लावले आणि डर्मटला हाक मारली.

उंच, तांबड्या केसांचा डर्मट पलीकडच्या गल्लीतला. लहानपणी दोघं सर्फिंगच्या एकाच फळीवर लाटा घ्यायला शिकली होती. एक लाट त्याची, एक तिची. त्या काळी ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँगच्या किनाऱ्यावर मुलींनी वाळूत बसून पोरांचे टॉवेल सांभाळायचे, अशी रीत. "मुलगी पाण्यात उतरली की लाटा पळून जातात," पोरं म्हणायची. डर्मट म्हणायचा, "कुठल्या पळतात? हिच्या मागे मागे येतात!" तेवढ्या एका वाक्यावर नेरिडाने त्याला कायमचा आपला मानला होता.

बेकरीतलं काम आटोपलं की ती उरलेले पाव पिशवीत भरायची, तो टपावर फळ्या बांधायचा, आणि गाडी दक्षिणेला निघायची. झोपायचं गाडीतच. सकाळी काचा आतून ओल्याचिंब, गोधड्यांना दमट लोकरीचा वास, आणि पडदा सारला की समोर समुद्र. "लग्न कधी करताय?" लोक विचारायचे. तसलं काही नव्हतं. त्याहून पक्कं आहे, असं तिला वाटायचं.

मग डर्मटला किनाऱ्यावरच्या सर्फिंग क्लबात घेतलं. त्याच्याबरोबर लेस्टर आणि ब्रायस हे दोघे गाडीत येऊ लागले.

ईस्टरच्या सुट्टीत चौघं खाडीच्या तोंडाशी उतरले. टिंडल नावाच्या बाईंच्या कुरणापलीकडे खडकावर सुरेख लाट फुटते, अशी बातमी लेस्टरने आणली होती. संध्याकाळी डर्मट पाणी आणायला म्हणून गेला, तो बऱ्याच वेळाने परतला.

"नेरी, चौघं काही गाडीत मावायचो नाही," तो म्हणाला. "तू तंबूत झोप. दिवसभर चालवून दमलीस. पहाटे उठवतो."

याला आपली काळजी आहे, या विचाराने ती सुखावून झोपली.

जाग आली तेव्हा ऊन तंबूवर चढलं होतं. बाहेर गाडी नव्हती. कुंपणाला तिची फळी टेकवून ठेवलेली होती, पकडीसाठी फळीवर चोळलेलं मेण वितळू नये म्हणून वर ओला टॉवेल पांघरलेला. ही काळजी घेणारा एकच जण होता. तिला वाटलं, ओढून फेकून दिली असती तरी बरं झालं असतं.

फळी काखोटीला मारून ती रस्त्याला लागली. मागून एक ट्रक आला आणि थांबला. चालवणाऱ्या खुद्द टिंडल बाईच होत्या.

"तू त्या पोरांबरोबरची का गं? काल तो उंच, तांबड्या केसांचा आला होता, फाटकातून जाऊ का विचारायला. तिघेच आहोत म्हणाला."

"तिघे?"

"दोनदा विचारलं मी. माणसं जास्त झाली की माझी गुरं बुजतात ना, पोरी."

बाईंनी तिला ट्रकमध्ये घेऊन फाटकातून कड्यापर्यंत सोडलं.

कड्याशी गाडी उभी होती. किल्ली नेहमीसारखी पुढच्या चाकावर. खाली काचेसारख्या लाटा एकामागून एक येत होत्या आणि तिघे आरोळ्या ठोकत होते. तिला पाहून डर्मट पाण्याबाहेर येऊन कडा चढून आला, मागोमाग ते दोघे.

"बरं झालं आलीस! मी तुला न्यायला निघणारच होतो."

"बाईंना किती जण सांगितलंस?"

त्याने केसांतलं पाणी निपटलं. "लेस्टर म्हणाला, मुलगी बरोबर दिसली तर क्लबात हसं होईल. एका सकाळचा तर प्रश्न होता, नेरी."

"आणि तू काय म्हणालास?"

तो पायाला चिकटलेली वाळू झटकू लागला.

"अगं बये, केवढा तमाशा!" लेस्टर म्हणाला. "पेट्रोल भरून देऊ, झालं?"

नेरिडाने मागचं दार उघडलं. त्यांच्या गोधड्या, बूट, पिशव्या एकेक करून गवतावर ठेवल्या. पाव आणि पाण्याचा डबाही ठेवला. आपली फळी टपावर बांधली.

"आम्ही जायचं कसं?" ब्रायसने विचारलं.

"तिघेच तर आहात. कुणाच्याही गाडीत मावाल."

फाटक लावायला ती खाली उतरली. साखळी काही केल्या अडकेना. गुरं जवळ येऊन टकमक बघत होती, आणि त्यांच्यासमोर ती हंबरडा फोडून रडली.

गुरुवारी डर्मट बेकरीत आला. जसं काही घडलंच नव्हतं. "शनिवारी निघायचं ना?"

"पाव अख्खा देऊ की कापून?"

"नेरी, ऐक तरी—"

"मागे रांग आहे."

"कापून दे," तो हळूच म्हणाला.

नेरिडा पुढेही दक्षिणेला जात राहिली, एकटी. लाटा पळाल्या नाहीत. रात्री मात्र ती गादीच्या एका कडेलाच अंग चोरून झोपायची. मधोमध ऐसपैस पसरायला पुढचा हिवाळा उजाडावा लागला.